झोपलंय, झोपू दे

कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं की आपल्या झोपेचं खोबरं होतं, असं सगळे आधीच सांगतात. ते खरंच आहे. पण माझ्या झोपेचं खोबरं झालं ते पिल्लू जागं राहतं म्हणून नाही. ते सारखं झोपतं म्हणून!

हसू नका. सुरुवातीपासून सांगते.

२०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक स्कूटर कित्येक महिने कव्हर घालून पडून आहे. तिच्या खाली एका भटक्या कुत्रीने चार पिल्लं घातली. पावसाळा सरून थंडी पडायला लागली की दरवर्षी कुठे ना कुठे अशी पिल्लावळ दिसतेच. आम्ही जाता-येता बघायचो, वॉचमनकाका दूध-पोळी घालायचे. मग एक दिवस ती कुत्री दिसेनाशी झाली. रस्त्यावर काही झालं की आणखी काही, कुणालाच कळलं नाही. दोन पिल्लं काकांनी ओळखीच्यांना दिली, एक बी विंगमधल्या मुलांनी कुणाला तरी दिलं आणि उरलेलं एक रविवारी संध्याकाळी आमचे चिरंजीव शर्टात गुंडाळून वर घेऊन आले. "आई, फक्त आजच्या रात्रीपुरतं." हे वाक्य ज्या ज्या घरात कुत्रं आहे त्या प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं गेलेलं असतं :-)

डॉक्टरांनी नंतर दात बघून सांगितलं, सात आठवड्यांची असेल. मुलगी. चिरंजीवांना नाव ठेवायचं होतं 'नोव्हा'. अण्णांनी (म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात) चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रंग बघा की. बेकरीतली खारी आहे नुसती." झालं! नोव्हाबाईंचं बारसं तिथेच खारी म्हणून झालं.

पहिल्या संध्याकाळी खारी खोलीभर हुंगत फिरली, चपलेचा पट्टा चावला, दूध-भाताची वाटी चाटूनपुसून साफ केली, जमिनीवर शू केली आणि आहे त्या जागी आडवी झाली. बसणं नाही, जांभई नाही. चालता चालता दिवा बंद व्हावा तशी. दहा मिनिटांपूर्वी धिंगाणा घालणारं ते गाठोडं आता फरशीवर चार पाय चार दिशांना टाकून पडलेलं. आणि मग तीन तास ती हललीच नाही.

शाळेत असताना विद्यार्थ्याची पाच लक्षणं सांगणारं ते सुभाषित पाठ करावं लागायचं, आठवतंय? त्यात श्वाननिद्रा होती. विद्यार्थ्याची झोप कुत्र्यासारखी सावध हवी, टाचणी पडली तरी जाग यावी. ज्याने ते रचलं त्याच्या घरी कुत्र्याचं पिल्लू नक्कीच नसणार. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, शेजारच्यांचं ड्रिलिंग झालं, चिरंजीवांनी तिचा एक पंजा उचलून सोडून दिला. पंजा टपकन खाली. खारी ढिम्म. कुंभकर्णाला निदान ढोल-नगारे वाजवून उठवता तरी आलं!

घरातल्या बाकी सगळ्यांना याची मजा वाटत होती. माझ्या मात्र पोटात गोळा. मी दर वीस मिनिटांनी जाऊन बघायची. पोट वरखाली होतंय ना? नाकासमोर बोट धरायची. फारच शंका आली तर हलवून उठवायची. ती बिचारी डोळे किलकिले करून बघायची, शेपटी एकदा आपटायची आणि पुन्हा गुडुप. नवरा म्हणाला, "अगं, तू तिला झोपू का देत नाहीस?" मी म्हटलं, "एवढं कोण झोपतं?" मी चक्क हिशोब ठेवायला लागले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी खारीच्या झोपेचे तास. सोमवारी साडेअठरा. मंगळवारी एकोणीस. हे आकडे बघून मला धीर येण्याऐवजी आणखीच धडकी भरायची. का, ते पुढे सांगते.

आता रात्रीचं. दिवसा मेल्यासारखं झोपणारं हे पिल्लू रात्री मात्र दीड-दोन तासांनी उठून असं काही केकाटायचं की वरच्या मजल्यावरचे दिवे लागायचे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सल्ला दिला, "बाथरूममध्ये ठेव, दार लाव, रडू दे. दोन दिवसांत सवय होते." पहिल्या रात्री प्रयत्न केला. सव्वा बाराला दार लावलं, बारा वाजून वीस मिनिटांनी मीच उघडलं. दाराच्या फटीतून नाक बाहेर काढून ती रडत होती हो!

नंतर विचार केला तेव्हा त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं. जन्मल्यापासून ते पोर कधी एकटं झोपलेलंच नाही. चार भावंडांच्या ढिगाऱ्यात, आईच्या पोटाच्या उबेत झोपलेलं. अगदी सुरुवातीचे दिवस तर पिल्लांचे डोळेही मिटलेले असतात, कानही. डोळे उघडायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, कान त्याच्याही थोडे नंतर. तोवर जग म्हणजे दूध, ऊब आणि शेजारच्याचा श्वास. अशा जिवाला आपण एकदम गार फरशीच्या बाथरूममध्ये ठेवायचं आणि म्हणायचं, शिक आता. दुसऱ्या दिवशीपासून तिची खोकी (मिक्सरचा मोठा खोका, एक बाजू कापलेला) माझ्या पलंगाला लावून ठेवली. आत माझी जुनी कॉटनची साडी आणि टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. रडायला लागली की हात खाली सोडायचा. बोट चोखत झोपायची.

पण तरीही मध्ये उठायचीच, आणि ते रडणं वेगळं असायचं. त्याचंही कारण साधं निघालं. एवढ्याशा पिल्लाचं मूत्राशय ते केवढं! ठोकताळा असा सांगतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास अधिक एक, एवढाच वेळ ते फार तर कळ काढू शकतं. म्हणजे खारीची हद्द अडीच-तीन तासांची, आणि तीही सगळं जमून आलं तर. झोपेतून जाग आली की शू, खाल्लं की शू, खेळली की शू. झोपल्या जागी घाण करायची नाही हे मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. रात्री ती रडत होती ती मला उठवायला. खोक्यातून बाहेर काढा, नाहीतर माझी साडी (म्हणजे तुमची) भिजेल!

तर दीडचा गजर मी लावायचे आणि चारचाही. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री चार वाजता मी धडपडत उठले तर खोका रिकामा. काळजात धस्स झालं. बाहेर येऊन बघते तर बाल्कनीत मफलर-स्वेटरमधले अण्णा आणि त्यांच्या पायाशी पसरलेल्या पेपरवर खारी. "झाली तिची शू," अण्णा म्हणाले. "मी काय, तीननंतर जागाच असतो. तू झोप." म्हातारपणी झोप उडते आणि लहानपणी पुरत नाही. आमच्या घरात दोन्ही टोकं पहाटे चारला बाल्कनीत भेटली. त्या दिवसापासून चारची पाळी अण्णांची ठरली.

तिसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास मी तिच्याकडे बघत बसले होते (माझा उद्योगच तो झाला होता) आणि एकदम तिचे पंजे झटके द्यायला लागले. ओठ थरथरले, मिशा लुकलुकल्या, मिटल्या पापण्यांच्या आत बुबुळं गरागरा फिरताना दिसत होती. तोंडातून दबलेलं 'भुक्... भुक्...' मी किंचाळलेच. "हिला फिट आलीये!" नवऱ्याने व्हिडिओ काढला आणि अर्ध्या रात्री डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्या भल्या माणसाचं पाच मिनिटांत उत्तर आलं. 'स्वप्न पडतंय. उद्या लसीचं बोलायला या.'

गेलो. डॉक्टरांनी आधी ते सगळं नीट समजावून सांगितलं, नंतर मी घरी येऊन त्यावर आणखी वाचत बसले. मजेशीर प्रकरण आहे हो हे. झोपेत डोळे फिरतात, ही झोपेची एक वेगळीच अवस्था आहे हे १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केलं. आणि असेरिन्स्कीने आपली यंत्रं आधी कुणाला जोडून पाहिली असतील? स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला! (आयांनो, नवऱ्यांवर लक्ष ठेवा.) या झोपेत मेंदू जवळपास जागेपणीसारखा चालू असतो, पण मेंदूच्या देठाकडून स्नायूंना 'स्वस्थ पडा' असा हुकूम गेलेला असतो. फ्रान्समध्ये मिशेल जूवे यांनी मांजरांच्या मेंदूतली ती हुकमाची जागा निकामी करून पाहिली, तर ती मांजरं झोपेतच उठून न दिसणाऱ्या उंदरांवर झडपा घालायला लागली.

पिल्लांमध्ये हा हुकूम अजून पक्का बसलेला नसतो. म्हणून मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लं झोपेत जास्त झटके देतात. पण मला सगळ्यात आवडलं ते आणखी वेगळंच. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात मार्क ब्लमबर्ग नावाचे शास्त्रज्ञ उंदरांच्या इवल्या पिल्लांच्या झोपेतल्या या झटक्यांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांचं म्हणणं असं की हे झटके म्हणजे स्वप्नाची नुसती सांडलवंड नाही. एक पाय झटकला जातो, त्याची खबर मेंदूला पोचते, मग दुसरा. असं करत मेंदू आपल्या शरीराची ओळख करून घेत असतो. हा माझा पाय, ही माझी मिशी. म्हणजे आमच्या खोक्यात रोज एकोणीस तास शाळा भरत होती आणि मी दर वीस मिनिटांनी जाऊन मास्तरांना बाहेर काढत होते!

फिट आणि स्वप्न यातला फरकही डॉक्टरांनी सांगितला. स्वप्नात अंग सैल असतं, झटके तुटक तुटक येतात, नावाने हाक मारली की पिल्लू जागं होतं आणि लगेच आपल्याला ओळखतं. फिटमध्ये अंग ताठतं, डोळे बऱ्याचदा उघडे पण शून्यात, हाकेला ओ नाही, आणि नंतरही बराच वेळ भांबावलेलं. आणि हो, उठवायचंच असेल तर लांबून हाक मारून. अंगाला एकदम हात लावायचा नाही, दचकून चावू शकतात.

मग मी माझा कॅलेंडरचा कागद पुढे केला. डॉक्टर हसायला लागले. "एवढा हिशोब तर लोक शेअरचा पण ठेवत नाहीत."

"पण डॉक्टर, एकोणीस तास?"

"अठरा ते वीस. एवढं झोपायलाच हवं तिने. वाढ झोपेतच होते. तुम्ही सारखं उठवलंत तर चिडचिडी होईल, आणखी काही नाही."

आणि मग त्यांनी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "हे तास राहू द्या. जागी असते तेव्हा कशी असते?"

म्हणजे? म्हणजे उठल्यावर धडपणे चालते का, शेपटी हलते का, वाटीचा आवाज आला की येते का, खाते का, हिरड्या गुलाबी आहेत का. "पिल्लू किती झोपतं यावरून काही कळत नाही. ते उठतं कसं, ते बघा. वाटी वाजली तरी उठत नाही, उठलं तरी वाटीकडे बघत नाही, मग माझ्याकडे या. रात्र असली तरी या."

मी हो हो म्हटलं. रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

१९८९ साली आम्ही कराडला राहत होतो. जुना वाडा, दोन खोल्या, मागे न्हाणीघर आणि तिथे तांब्याचा बंब. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. मी दहा वर्षांची. कपाळावर पांढरा टिपका असलेलं एक काळं पिल्लू शेजारच्या गल्लीतून मी उचलून आणलं होतं. टिप्या. थंडीचे दिवस, त्यामुळे टिप्या सारखा बंबाच्या राखेशी जाऊन झोपायचा. आम्हाला त्याची सवयच झाली होती. टिप्या कुठाय? बंबाशी. काय करतोय? झोपलाय.

एक दिवस तो सकाळपासून झोपलेलाच होता. आईने दुपारी म्हटलं, "आज हे उठलं नाही गं." अण्णा फिरतीवर निघायच्या गडबडीत होते, बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले, "झोपलंय, झोपू दे." आणि गेले. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या, मग रक्ताचे जुलाब. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आईने त्याला आधीच गोणपाटात गुंडाळलं होतं.

पार्व्हो हा शब्द आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हता. कुत्र्यांमधला हा विषाणू उघडकीला आलाच मुळी १९७८ मध्ये आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. पिल्लांची आतडी तो अक्षरशः सोलून काढतो. पण हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. दहाव्या वर्षी मला एवढंच कळलं की अण्णा म्हणाले झोपू दे, आणि टिप्या मेला. मी त्यांना कधी काही बोलले नाही. त्या काळी वडिलांना असं बोलायची पद्धतही नव्हती. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं. चिरंजीव तान्हे होते तेव्हासुद्धा कुणी "झोपलाय, झोपू दे" म्हणालं की मी उठून पाळण्यात वाकून बघायचे. माझ्या सासूबाईंना वाटायचं, हिचा आपल्यावर विश्वास नाही.

आता खरं सांगायचं ते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर वाटीचं म्हणाले आणि मला ती दुपार जशीच्या तशी दिसली. अण्णा निघून गेल्यावर मी टिप्याची जर्मनची ताटली घेऊन बंबाशी गेले होते. ताटली फरशीवर वाजवली. एरवी त्या आवाजाने तो पलीकडच्या दारातून धावत यायचा. त्याने डोळे उघडले. दुधाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते मी पाहिलं होतं. आणि आईला सांगितलं नव्हतं, कारण दोनच दिवसांपूर्वी तो स्वयंपाकघरात ओकला होता म्हणून आई म्हणाली होती, पुन्हा असं झालं तर गल्लीत सोडून येईन. मी ते दूध मोरीत ओतलं आणि ताटली धुऊन ठेवली. आईला वाटलं, प्यायला तो.

पस्तीस वर्षं मी अण्णांच्या वाक्याला धरून बसले होते. ताटलीचं मी सोयीस्करपणे विसरले होते की काय, मला खरंच सांगता येणार नाही.

असो. खारीकडे येऊ.

डॉक्टरांकडून आल्यावर मी तास लिहिणं बंद केलं आणि एक गंमत झाली. संध्याकाळी सहा ते आठ ही बया अंगात आल्यासारखी करायची. सोफ्याखालून दारापर्यंत, दारापासून सोफ्याखाली, कान मागे टाकून नुसत्या फेऱ्या, आणि जो पाय आडवा येईल त्याला दात. पिल्लाचे दात म्हणजे टाचण्या! आम्हाला वाटायचं, हिची ताकद उतू चाललीये, आणखी खेळवा. आणखी खेळवलं की आणखी चावायची. त्या दिवशी मी तिला उठवलंच नाही दुपारभर, तर संध्याकाळी अर्धाच धिंगाणा. मग ट्यूब पेटली. चिरंजीव लहानपणी किरकिर करायला लागले की आई म्हणायची, "अगं, झोपेला आलंय ते. मांडीवर घे." अगदी तेच! तासभर जागी राहिली की तिला उचलून खोक्यात ठेवायचं, दिवा मालवायचा, आपण तिथून निघून जायचं. दोन मिनिटं कुरकुर, की घोरणं सुरू. नवऱ्याचे पाय वाचले.

आल्यापासून दुसऱ्या आठवड्यात तिला पहिली लस दिली. त्या रात्री ती लवकरच झोपली. दीडला मी उठवून बाहेर नेलं, शू करून पुन्हा झोपली. आणि चार-सव्वाचारला अण्णांनी माझ्या दाराशी येऊन हाक मारली. "अगं, ऊठ जरा."

खारी खोक्यातच होती. अण्णांच्या हातात तिची स्टीलची वाटी. "दोनदा वाजवली मी," ते म्हणाले. "मान वर केली नाही तिने."

मी दिवा लावला. ओठ वर करून हिरडी बघितली, गुलाबी होती. बोटाने दाबली, पांढरी झाली, बोट काढताच पुन्हा गुलाबी. घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला चोवीस. अंग गरम होतं, पण पिल्लाचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. मग "खारी" अशी हाक मारली. टॉवेलच्या खाली शेपटीचं टोक दोनदा हललं. डोळे काही उघडले नाहीत.

"लसीने होतं असं," मी म्हटलं. आवाज जितका खात्रीचा काढता येईल तितका काढून. "सुस्ती येते. सकाळी डॉक्टरांना विचारू."

अण्णा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. वाटी मांडीवर. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या काळ्याचं असंच झालं होतं ना? कराडला."

मला वाटलं होतं, त्यांना टिप्याचं नावही आठवत नसेल.

"तुझ्या आईने मागून सांगितलं मला, तू किती रडलीस ते. मी म्हणालो होतो झोपू दे म्हणून. कोरेगावला जायचं होतं, एसटी चुकली असती." मग जरा थांबून, "जनावरांचा दवाखाना वाटेवरच होता."

मी त्यांना ताटलीचं सांगितलं. दुधाचं, मोरीचं, आईला वाटलं ते सगळं. ते ऐकत होते की खारीकडे बघत होते, कळत नव्हतं. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "दहा वर्षांची होतीस तू."

"आणि नेलं असतं तरी..." मी म्हटलं. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही. नेलं असतं तर वाचला असता? त्या वेळी, त्या गावात? आजही सलाईन, औषधं, दिवस-रात्र निगा हे सगळं करूनसुद्धा पार्व्होतून सगळी पिल्लं उठत नाहीत. पण काही उठतात. तेही खरंच.

आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. साडेपाचला मी चहा टाकला. साडेसातला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लसीनंतर एक-दोन दिवस अशी मरगळ येऊ शकते, तोंड सुजलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच आणा, दुपारपर्यंत खाल्लं नाही तरी आणा. दुपारपर्यंत थांबावं लागलं नाही. नऊ वाजता बाईसाहेब आपणहून उठल्या, लांबलचक आळस दिला, अण्णांच्या स्टुलापाशी गेल्या आणि खाली ठेवलेल्या त्यांच्या ताज्या पेपरवर यथासांग शू केली. मग वाटीकडे बघून भुंकल्या. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांना न वाचलेला पेपर ओला झालेला चालला.

आता खारी वर्षाची होत आली. सगळ्या लसी झाल्या, खोका कधीच फाडून टाकला. दिवसाचे बारा-चौदा तास अजूनही झोपते, पण आता सुभाषितातली श्वाननिद्रा आली आहे. लिफ्टचं दार आमच्या मजल्यावर उघडलं की डोळे मिटलेले ठेवून एक कान तेवढा वळतो. स्वप्नं पडतात तेव्हा पंजे अजून चालतात, पण कमी.

रात्री तिला बाहेर न्यावं लागत नाही. अण्णा मात्र चारला उठतातच. अंधारात स्वयंपाकघराकडून वाटी ओट्यावर हलकेच टेकवल्याचा आवाज येतो. मग फरशीवर नखांची टकटक टकटक. अण्णा हळूच काहीतरी पुटपुटतात तिला. मी कूस बदलून पुन्हा झोपते.